'सध्याचे पहिले दोन': अर्ध्या हंगामात क्रमवारी लावण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

नाशिकमधल्या एका छोट्या हौशी फुटबॉल साखळीची ही गोष्ट. सहा संघ, दुहेरी फेरी, म्हणजे प्रत्येक जोडी दोनदा समोरासमोर. प्रत्येकाचे दहा सामने, एकूण तीस. दसरा झाला की सुरू करायचं आणि ऊन तापायच्या आत फेब्रुवारीत संपवायचं, असा आमचा शिरस्ता. मी साखळीचा कार्यवाह. म्हणजे सामने लावणं, मैदानाची परवानगी काढणं, पंचांना फोन करणं, फक्कीची गोणी आणणं आणि रविवारी रात्री व्हॉट्सअॅपवर गुणतक्ता टाकणं. मानधन शून्य, शिव्या भरपूर.

संघांची खरी नावं देत नाही, आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशीलही बदलले आहेत. अ, ब, क लिहिलं की तिसऱ्या परिच्छेदात वाचणारा हरवतो. म्हणून नाशिकचाच माल घेतो: कांदा, टोमॅटो, द्राक्ष, डाळिंब, पेरू आणि मका. वाचताना पंचवटीच्या मार्केट यार्डात लिलाव चाललाय असं वाटलं, तर तसं वाटू द्या.

यातले पहिले तीन महत्त्वाचे. कांदा म्हणजे अंबडच्या कारखान्यांत काम करणारी मुलं. त्यांचे व्यवस्थापक एक फोरमन, सगळे त्यांना आण्णा म्हणतात. टोमॅटो म्हणजे गंगापूर रोडकडची कॉलेजची पोरं. त्यांना शारीरिक शिक्षणाचे एक सर सांभाळतात. द्राक्ष देवळालीच्या बाजूचा. तिथे निवृत्त सुभेदार आहेत, त्यांचा शब्द म्हणजे शब्द.

मैदानं दोन. एक सातपूरकडचं मुरमाचं: पाऊस थांबला की दोन तासांत खेळायला तयार, पण पडलं की गुडघा सोलून निघतो. दुसरं नाशिक रोडकडचं काळ्या मातीचं. कोरडं असताना गालिचा. ओलं झालं की बुटांना किलोभर चिखल आणि पुढचे चार दिवस मैदानात पाय टाकायची सोय नाही.

अडचण कशी तयार झाली

नोव्हेंबरात अवकाळी आला. द्राक्ष बागायतदारांचं काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको. आमचं नुकसान त्यामानाने किरकोळ. काळ्या मातीचं मैदान दोन रविवार गेलं. ते वाळतंय तोवर मैदानाच्या मालकांनी ते दहा दिवसांच्या कपड्यांच्या सेलला भाड्याने दिलं. मांडव उठल्यावर खड्डे बुजवण्यात आणखी एक रविवार गेला.

मुरमाचं मैदान मात्र मोकळं होतं. इथे मी पहिली चूक केली, आणि तेव्हा ती हुशारी वाटत होती. पहिल्या फेरीचे जे सामने काळ्या मातीवर अडकले होते ते तसेच ठेवून, मुरमाच्या मैदानाजवळ राहणाऱ्या संघांचे परतीचे सामने मी पुढे ओढले. मैदान रिकामं ठेवण्यापेक्षा सामने झालेले बरे, हा विचार. कांदा कधीही यायला तयार, त्यामुळे त्यांचे तीन परतीचे सामने उरकले: पेरूशी, मक्याशी आणि डाळिंबाशी. टोमॅटोचा डाळिंबाशी एक झाला. द्राक्षाला मात्र देवळालीहून सातपूरला येणं जड जायचं, त्यांनी "आमचं मैदान सुकू द्या" म्हटलं, आणि मीही मान डोलावली.

डिसेंबरच्या सुरुवातीला शेजारच्या जिल्ह्यातून एका निमंत्रितांच्या स्पर्धेचं पत्र आलं. आठ संघांची बाद पद्धतीची स्पर्धा, राहण्या-जेवण्याची सोय त्यांची. पत्रात एकच ओळ कामाची होती: आपल्या साखळीतील सध्याचे पहिले दोन संघ २० डिसेंबरपर्यंत कळवावेत. त्या "सध्याचे" शब्दाने पुढचे दहा दिवस माझी झोप उडवली.

त्या दिवशीचा तक्ता असा होता:

| संघ | सामने | विजय | बरोबरी | पराभव | गोल | गुण | सामन्यामागे गुण |
|---|---|---|---|---|---|---|---|
| कांदा | ७ | ५ | १ | १ | १२–५ | १६ | २.२९ |
| टोमॅटो | ६ | ४ | १ | १ | ९–३ | १३ | २.१७ |
| द्राक्ष | ४ | ३ | १ | ० | १०–१ | १० | २.५० |
| डाळिंब | ७ | २ | २ | ३ | ७–८ | ८ | १.१४ |
| पेरू | ६ | १ | ० | ५ | २–१४ | ३ | ०.५० |
| मका | ६ | ० | १ | ५ | १–१० | १ | ०.१७ |

तीस पैकी अठरा सामने झाले होते. पहिल्या फेरीतला एकच सामना राहिला होता: कांदा विरुद्ध द्राक्ष.

कांद्याच्या पाच विजयांत एक वॉकओव्हर होता. त्या रविवारी मक्याचे पाचच खेळाडू आले. बाकीचे कंपनीत डिस्पॅचला अडकले. नियमाप्रमाणे सात खेळाडूंशिवाय सामना सुरू होत नाही. पंचांनी अर्धा तास वाट पाहिली आणि ३–० लिहून टाकलं. कांद्याची मुलं नंतर त्या पाच जणांना आपल्यात वाटून घेऊन तासभर खेळली, ते वेगळं.

समोरचे पर्याय

समिती पाच जणांची. शाळेच्या वर्गात बसलो, लहान मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून. सोबत चहा आणि खायला भत्ता. तिन्ही व्यवस्थापकांनाही बोलावलं होतं.

*तक्ता आहे तसा.* म्हणजे कांदा आणि टोमॅटो. आण्णांचं म्हणणं सरळ होतं: "जेव्हा बोलावलं तेव्हा आलो. सेकंड शिफ्ट करून सकाळी सातला मैदानावर उभे राहिलो. आता आम्ही जास्त खेळलो हा आमचा गुन्हा?" यात तथ्य आहे. पण एकही सामना न हरलेला द्राक्ष केवळ मैदान ओलं होतं म्हणून तिसरा, हे समितीतल्या कुणाच्याच गळी उतरेना. सात सामन्यांचे गुण आणि चार सामन्यांचे गुण शेजारी ठेवणं म्हणजे एकाने दहा षटकं खेळून केलेल्या धावा आणि दुसऱ्याने सहा षटकांत केलेल्या धावा नुसत्या मोजणं.

*सामन्यामागे गुण.* क्रिकेटवाल्यांना हे नवीन नाही. कोविडमध्ये मालिका रद्द झाल्यावर आयसीसीने नोव्हेंबर २०२० मध्ये कसोटी अजिंक्यपदाचा तक्ता एकूण गुणांवरून मिळालेल्या गुणांच्या टक्केवारीवर आणला. फुटबॉलमध्येही त्याच वर्षी हे मोठ्या प्रमाणावर झालं. इंग्लंडच्या लीग वनमध्ये, म्हणजे तिथल्या तिसऱ्या श्रेणीत, हंगाम अर्धवट थांबला तेव्हा वायकम वाँडरर्सचे ३४ सामन्यांत ५९ गुण होते आणि पीटरबरोचे ३५ सामन्यांत ५९. तक्त्यात पीटरबरो सहावा, वायकम आठवा. सामन्यामागे गुण काढले तेव्हा वायकम १.७४ वर जाऊन थेट तिसरा झाला आणि पीटरबरो १.६९ वर सातवा. पहिले दोन थेट वर जायचे, पुढच्या चारांत आणखी एका जागेसाठी प्लेऑफ. वायकमने तो जिंकला आणि वरच्या श्रेणीत गेला. पीटरबरो घरी बसला. एका सामन्याचा फरक.

आमच्याकडे या पद्धतीने द्राक्ष आणि कांदा जात होते. सर उठले: "आणि वॉकओव्हर? तो सामना झालाच नाही, तर सरासरीत कसा धरता?" मी तिथेच हिशोब केला. वॉकओव्हर काढला तर कांद्याचे सहा सामन्यांत १३ गुण, टोमॅटोचे सहा सामन्यांत १३ गुण. दोघांचे गोलही नऊ-नऊ. खाल्लेले गोल पाच आणि तीन, म्हणून टोमॅटो पुढे. वर्गात दोन मिनिटं कुणी बोललं नाही. तीन संघ, आणि प्रत्येकाला हवा तो निकाल देणारा एकेक नियम हजर.

खरं दुखणं मात्र वॉकओव्हरच्या पलीकडचं होतं. सरासरीने सामन्यांची संख्या समान होते, सामन्यांचा दर्जा होत नाही. कांद्याच्या सात सामन्यांपैकी सहा पेरू, मका आणि डाळिंब या खालच्या तिघांशी होते. वरच्यांपैकी फक्त टोमॅटोशी झाला, तो ०–२ हरले. मी प्रत्येकाच्या प्रतिस्पर्ध्यांची सरासरी काढून पाहिली: टोमॅटो ज्यांच्याशी खेळला त्यांचे सामन्यामागे सरासरी गुण १.२९, द्राक्षाच्या प्रतिस्पर्ध्यांचे ०.९९, कांद्याच्या ०.८३. हा हिशोबही सोवळा नाही, कारण कांद्याने पेरूला दोनदा हरवलं म्हणूनच पेरू खाली दिसतो. तरी १.२९ आणि ०.८३ मधलं अंतर तेवढ्याने भरून निघत नाही.

आण्णांनी यावर जे उत्तर दिलं ते मी अजून विसरलो नाही. "कार्यवाह, दक्षिण आफ्रिकेला पण हेच म्हणत होते ना? ऑस्ट्रेलियाशी खेळले नाहीत, इंग्लंडशी खेळले नाहीत, आणि म्हणे ६९.४४ टक्के घेऊन पहिले. मग लॉर्ड्सवर फायनल कोण जिंकलं?" जून २०२५ मध्ये कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात आफ्रिकेने ऑस्ट्रेलियाला पाच गडी राखून हरवलं होतं, हे कुणी नाकारणार कसं? सोप्या वाटेने आला म्हणजे संघ कच्चाच असतो असं नाही. पण तो पक्का आहे, हे त्या तक्त्याने दाखवलं नव्हतं. लॉर्ड्सवरच्या सामन्याने दाखवलं. हे मला घरी गेल्यावर सुचलं.

*इलो.* टोमॅटोच्या एका खेळाडूचा मोठा भाऊ पुण्याच्या कंपनीसाठी घरून काम करतो, आकड्यांतलाच माणूस. त्याने बुद्धिबळातली इलो पद्धत सुचवली. फिफाने पुरुषांच्या क्रमवारीसाठी २०१८ पासून तिच्यावर बेतलेली रीत घेतली आहे. बलवानाला हरवलं तर जास्त गुण, दुबळ्याला हरवलं तर कमी. कागदावर हेच सगळ्यात न्याय्य. पण सुरुवातीला कुणाला किती द्यायचे आणि एका सामन्याने किती हलवायचं, हे दोन आकडे आपण ठरवायचे असतात. चार-सात सामन्यांत त्या आकड्यांचाच जोर जास्त राहतो. त्याने मोबाइलवर दोन वेगवेगळे आकडे घालून दाखवले, तर दुसऱ्या क्रमांकाचा संघ बदलला. प्रामाणिक पोरगा, भावाचा संघ असूनही स्वतःच म्हणाला, "काका, एवढ्याशा सामन्यांवर हे नका वापरू."

*घरचं-बाहेरचं मैदान.* इटलीत वर्तमानपत्रं मुख्य तक्त्याशेजारी 'मेदिया इंग्लेझे' नावाचा हिशोब छापायची. घरी जिंकणं आणि बाहेर बरोबरी साधणं हे अपेक्षित धरायचं. त्याहून जास्त मिळवलं तर अधिक, कमी मिळवलं तर उणे. कुणाचे घरचे सामने आधी उरकलेत आणि कुणाचे बाहेरचे, हा अर्ध्या हंगामातला गोंधळ त्याने बराच निवळतो. आम्हाला तो नीट लागू पडेना, कारण मैदानं दोन आणि संघ सहा. मुरमावर कांदा रोज सराव करतो हे मात्र सगळ्यांनी मनात नोंदवलं. पुढे ते उपयोगी पडलं, नको त्या ठिकाणी.

*कुणालाच पाठवू नये.* हे एका ज्येष्ठ पंचकाकांनी सुचवलं. नेदरलँड्सनी २०२० मध्ये असंच काहीसं केलं: वरच्या श्रेणीत आयाक्स आणि एझेड या पहिल्या दोघांचे ५६ गुण, विजेता कुणीच नाही, खालच्या श्रेणीत कांबूर तिसऱ्या क्रमांकाच्या ११ गुण पुढे असून वर गेला नाही. वाद मिटवायचा म्हणून खेळाडूंची संधीच घालवायची, हा प्रकार मला तेव्हाही पटला नव्हता. मी तो पर्याय मतदानालाच ठेवला नाही. अधिकार ओलांडला म्हणा हवं तर.

*प्रत्येक जोडीचा पहिला सामनाच धरायचा.* सगळे परतीचे सामने, वॉकओव्हरसह, बाजूला ठेवायचे. मग टोमॅटोचे पाच सामन्यांत १३, द्राक्षाचे चार सामन्यांत १०, कांद्याचे चार सामन्यांत ७. राहिलेला एक सामना २० तारखेच्या आत खेळवला की सगळे पाच-पाच सामने, सगळे सगळ्यांशी एकदा. सरासरी नको, दर्जाचा हिशोब नको.

निर्णय

मतदानाआधी मी एक प्रयोग केला. प्रत्येक व्यवस्थापकाला चिठ्ठी दिली: तुमचा संघ कितवा आहे हे विसरा आणि कोणता नियम मान्य ते लिहा. तिन्ही चिठ्ठ्यांवर आपापल्या सोयीचा नियम होता. आकडे सगळ्यांना पाठ, विसरणार काय? हा प्रयोग ऑक्टोबरात केला असता तर काही तरी हाती लागलं असतं.

समितीतले एक जण पूर्वी द्राक्षाकडून खेळलेले. ते स्वतःहून बाहेर जाऊन बसले. उरलेल्या चौघांत पहिल्या सामन्यांच्या तक्त्याला तीन मतं, सामन्यामागे गुणांना एक. मी कागदावर तीन ओळी लिहून सह्या घेतल्या:

प्रत्येक जोडीचा फक्त पहिला सामना धरला जाईल. कांदा–द्राक्ष सामना बुधवारी सकाळी होईल. गुण सारखे झाल्यास साखळीच्या नियमाप्रमाणे गोलफरक.

पहिल्या ओळीवर दोन तास गेले. तिसरीवर वीस सेकंदसुद्धा नाही. आमच्या नियमपत्रकात गोलफरक (केलेले गोल वजा खाल्लेले गोल) लिहिलेलाच होता, कुणी डोळे वर करूनही पाहिलं नाही.

पाहायला हवं होतं. द्राक्षाचा गोलफरक अधिक नऊ, कांद्याचा अधिक एक. कांदा जिंकला तर दोघांचे गुण दहा-दहा होणार, पण पुढे जायला कांद्याला पाच गोलांनी जिंकावं लागणार होतं. तोवर एकच गोल खाल्लेल्या संघाविरुद्ध. म्हणजे बुधवारचा सामना 'निर्णायक' म्हणून जाहीर केला खरा, पण तो खेळण्याआधीच जवळजवळ निकालात निघाला होता. त्याऐवजी परस्परांतला सामना हा निकष असता, तर एका गोलाचा विजयही कांद्याला पुरला असता.

हे दोन्ही निकष जगात चालतात. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये गोलफरक, स्पेनमध्ये परस्परांतले सामने. २००६–०७ मध्ये रियाल माद्रिद आणि बार्सिलोना दोघांचे ७६ गुण झाले. गोलफरक बार्सिलोनाचा कितीतरी सरस, पण विजेतेपद माद्रिदला, कारण एकमेकांतल्या दोन सामन्यांत ते वरचढ ठरले होते. दोन्हींत खोट आहे. गोलफरकात पेरूला ४–० चिरडणाऱ्याला बक्षीस मिळतं. आण्णा तर मक्याविरुद्ध १–० झाल्यावर मुख्य पोरांना विश्रांती देत होते, सोमवारी त्यांना लेथवर उभं राहायचं असतं म्हणून. परस्परांतल्या सामन्यात सगळं ओझं एकाच सकाळवर, एकाच मैदानावर, एका पंचावर येतं.

मंगळवारी रात्री साडेदहाला आण्णांचा फोन आला. त्यांच्या एका पोराने जेवणाच्या सुट्टीत हिशोब मांडला होता.

"कार्यवाह, पाच गोल?"

"हो आण्णा."

"तुम्हाला माहीत होतं?"

"सही करताना नव्हतं. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं."

"मग सांगितलं का नाही?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी निकष बदलायची मागणी केली. मी सुभेदारांना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "बदला ना. मग मैदानही बदला. यांच्या सरावाच्या मुरमावर एका सामन्यात आमचा फैसला करणार असाल, तर तो आमच्या मैदानावर करा." काळ्या मातीच्या मैदानावर तेव्हाही सेलच्या खांबांचे काही खड्डे उरलेच होते. मी निकष बदलला नाही. जाहीर केलेला नियम आदल्या रात्री एका संघाच्या सांगण्यावरून बदलणं, हे मला चुकीच्या नियमापेक्षाही वाईट वाटलं. आजही तसंच वाटतं, पण आण्णांच्या जागी असतो तर वाटलं असतं का, सांगता येत नाही.

बुधवारची सकाळ

पावणेसातला सामना सुरू झाला. तोंडातून वाफा निघत होत्या, गोलरक्षकाने हातमोज्यांच्या आत लोकरीचे मोजे घातले होते. कांद्याचे चार जण रात्रपाळी करून थेट आलेले. मैदानाकडेला टोमॅटोचे सर पोरांना घेऊन आले होते, खरं तर त्यांना कसलाच धोका नव्हता.

कांदा पाच गोलांसाठी खेळला नाही. जिंकण्यासाठी खेळला. ६१ व्या मिनिटाला कॉर्नरवर त्यांच्या बुटक्या बॅकने, ज्याने हंगामात एकही गोल केला नव्हता, गर्दीतून डोकं लावलं आणि १–० झालं. शेवटपर्यंत तेच राहिलं. शिट्टी वाजल्यावर कांद्याची पोरं नाचली आणि मग एकेक जण थांबत गेला, कारण काय झालंय ते आठवलं.

पहिल्या सामन्यांचा तक्ता: टोमॅटो १३, द्राक्ष १० (अधिक आठ), कांदा १० (अधिक दोन). मी त्या दुपारी टोमॅटो आणि द्राक्ष अशी नावं पाठवली.

गंमत अशी की त्याच दिवशी आधीचे दोन्ही नियम लावून पाहिले तर वेगळंच दिसत होतं. एकूण गुणांत कांदा १९, टोमॅटो १३, द्राक्ष १०. सामन्यामागे गुणांत कांदा २.३८, टोमॅटो २.१७, द्राक्ष २.००. वॉकओव्हर काढला तरी कांदा २.२९ वर पहिलाच. आठवडाभरापूर्वी सरासरीने द्राक्षाला सगळ्यांच्या वर बसवलं होतं. एका गोलाने त्याला तिसऱ्यावर आणलं. चार सामन्यांची सरासरी किती ठिसूळ असते, हे इतक्या जवळून मी आधी पाहिलं नव्हतं.

निकाल

स्पर्धेत टोमॅटो उपांत्य फेरीत हरला, द्राक्ष पहिल्याच सामन्यात. यावरून काही सिद्ध होत नाही. बाद पद्धतीच्या एका सामन्यात काहीही होतं.

कांद्याने साखळी सोडली नाही. आण्णा महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत, सामन्याच्या कागदावर सही करून निघून जायचे. फेब्रुवारीत हंगाम संपला तेव्हा टोमॅटो २३, कांदा २०, द्राक्ष १८. ज्याला वगळलं तो दुसरा, पाठवला तो तिसरा. ग्रुपवर कुणीतरी लगेच "आता बोला" टाकलं.

मी बोललो नाही, पण इथे लिहितो. डिसेंबरातला तक्ता फेब्रुवारीचं भाकीत नव्हता. द्राक्षाचे दोन मुख्य खेळाडू जानेवारीत भरतीच्या तयारीसाठी गेले, ते डिसेंबरात कुणाला ठाऊक असणार? आमच्यासमोर प्रश्न होता की आतापर्यंत सारख्याच प्रतिस्पर्ध्यांसमोर कुणी बरं केलं. त्या प्रश्नाला आमच्या तक्त्याने बरं उत्तर दिलं, फक्त दुसऱ्या जागेपाशी येऊन ते एका न तपासलेल्या ओळीवर टेकलं. आणि कांद्याच्या २० गुणांतले तीन त्या वॉकओव्हरचे आहेत. तो सामना होऊन मका जिंकला असता तर कांदा १७ वर राहिला असता. मका त्या हंगामात कुणालाच हरवू शकला नाही, हेही खरं.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, परतीचे सामने मी ओढायला नको होते. मैदान रिकामं राहिलं असतं तर राहिलं असतं. ओढायचेच होते, तर पहिल्या फेरीचा कांदा–द्राक्ष सामना मुरमावर आणायला सुभेदारांना आग्रह करायला हवा होता. त्यांनी नाही म्हटलं आणि मी लगेच मानलं, कारण सुभेदारांना नाही म्हणणं मला जमत नाही. हा नियमांचा दोष नाही, माझा आहे.

दुसरं, आयोजकांना एक फोन. "सध्याचे" म्हणजे काय, हे त्यांना विचारायला पाच मिनिटं लागली असती. हंगाम संपल्यावर त्यांच्यातल्या एकांची भेट झाली; ते म्हणाले, "अहो, आम्हाला कुठलेही दोन चालले असते, चांगले दोन पाठवा एवढंच." आम्ही दहा दिवस ज्या शब्दाचा कीस काढला तो त्यांच्या कारकुनाने सहज टाकलेला होता.

तिसरं, नियम मंजूर करण्याआधी त्यात शक्य ते सगळे निकाल घालून बघणं. एक सामना शिल्लक होता. द्राक्ष जिंकेल, बरोबरी होईल, कांदा थोडक्यात जिंकेल, कांदा धुऊन काढेल. चार ओळींचा कागद. तो मी फळ्यावर मांडला असता तर पाच गोलांची भानगड तिथेच दिसली असती, आणि आण्णांनी तिथेच भांडून घेतलं असतं, सह्यांच्या आधी.

वॉकओव्हरबद्दल माझं मत अजून पक्कं नाही. पूर्ण हंगामाच्या तक्त्यात तो धरावा, नाहीतर न येणाऱ्याला मोकळं रान मिळतं. अर्ध्यातल्या क्रमवारीत धरू नये असं मला वाटतं, पण आण्णांचा "आम्ही आलो, ते आले नाहीत" हा मुद्दा खोडता आलेला नाही.

पुढच्या हंगामाच्या पत्रकात तीन गोष्टी आल्या आहेत. पहिली फेरी पुरी होईपर्यंत परतीचा सामना लावायचा नाही. कुणाच्याही सामन्यांच्या संख्येत दोनपेक्षा जास्त फरक पडला तर समितीने त्याच आठवड्यात बसायचं. आणि दर रविवारी दोन तक्ते टाकायचे, एक सगळ्या सामन्यांचा, एक जोडीतल्या पहिल्या सामन्यांचा, म्हणजे डिसेंबरात कुणाला धक्का बसणार नाही.

चौथा रकाना बरोबरी फोडण्याचा. त्यासाठी गेल्या रविवारी बैठक झाली. आण्णा आले होते, बोललेही. त्यांचं म्हणणं परस्परांतला सामना, सुभेदारांचं गोलफरक, सरांनी नाणेफेक सुचवली आणि दोघांनीही त्यांच्याकडे रागाने पाहिलं. पत्रक छापायला द्यायचं आहे, रकाना अजून कोरा आहे. पुढची बैठक शनिवारी, त्याच वर्गात. यावेळी मोठ्या मुलांचे बाक मागितलेत.